नखभर जागा

चिहारू बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा माहेरात आई नव्हती. फुसाए जाऊन तीन वर्षं होत आली होती. घरात होता तो एकटा इसामू. सत्तरी ओलांडलेला, जमिनीवर अंथरायच्या गवती तातामी शिवण्यात उभं आयुष्य गेलेला, आणि स्वतःच्या मुलीशी काय बोलावं हे कधीच नीट न उमगलेला. जावयाने, कोहेईने, ओसाकाहून फोन करून विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला जमेल ना?" इसामू "हो, हो" म्हणाला होता. फोन ठेवल्यावर मात्र तो बराच वेळ तिथेच उभा राहिला होता.

गावातल्या दवाखान्यात मुलगा झाला. नाव ठेवलं रित्सू. डोंगरउतारावरची मिकान संत्री पिवळी व्हायला लागली होती तेव्हा रित्सू घरी आला, आणि बंदराकडच्या त्या शांत घरात दिवसभर दुधाचा वास भरून राहिला.

दुधाचा, आणि टाकलेल्या दुधाचा. कारण रित्सू दूध टाकायचा. पहिले काही दिवस नाही, पण नंतर जवळजवळ प्रत्येक वेळी. पोटभर प्यायचा, डोळे मिटायचा, आणि चिहारूने खाली ठेवला की थोड्याच वेळात तोंड वाकडं करायचा. अंग ताठ व्हायचं, घशात घरघर व्हायची, दोनतीन उमासे यायचे आणि दूध भळकन बाहेर. मानेत, कानामागे, दुपट्यावर. कधी नाकातूनसुद्धा. तेव्हा तो घाबरून श्वास घ्यायचा विसरल्यासारखा करायचा, आणि चिहारूचा चेहरा कागदासारखा पांढरा व्हायचा.

इसामू दाराच्या पलीकडून विचारायचा, "आलं का बाहेर?"

"हो."

"बरंच?"

"सगळंच, बाबा."

एवढंच बोलणं. मग तो घमेल्यात पाणी भरून दाराशी ठेवायचा, ती ते आत ओढून घ्यायची.

शेजारच्या तोमिएकाकू दिवसाआड यायच्या. वयाने इसामूपेक्षा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्यांनी पाच मुलं वाढवली होती आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. एकदा त्या आल्या तेव्हा इसामू बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत होता.

"अहो इसामूसान, धूळ झटकताय की ढेकर काढताय? पोर आहे ते, तातामी नव्हे!"

इसामूने हात थांबवला. तोमिएकाकूंनी बाळ स्वतःकडे घेतलं, त्याची हनुवटी खांद्यावर टेकवली आणि पाठीवरून खालून वर असा नुसता तळवा फिरवत राहिल्या. रित्सूने मोठी ढेकर दिली.

"बघा. याला म्हणतात ढेकर. तुमच्या सासऱ्यांनासुद्धा अशी आली नसेल." मग त्या चिहारूकडे वळल्या. "आणि तू गं, काय खातेस? तांदळाची चिकट मोची खाल्लीस?"

"एक. परवा."

"एक म्हणे! मोचीने दूध चिकट होतं. बांगडा?"

"तो बाबांनी भाजला होता म्हणून..."

"तेलकट मासा! मग पोर ओकणार नाही तर काय करणार बिचारं? आईचं दूध म्हणजे आईच्या ताटातलंच असतं. फुसाए असती तर तुझ्या हातातून हिसकावून घेतला असता तो बांगडा."

फुसाएचं नाव निघालं की त्या घरात सगळे गप्प व्हायचे. तोमिएकाकूही झाल्या. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून चिहारू फक्त भाताची पेज आणि उकडलेला मुळा खायला लागली. इसामूने मिसोच्या रश्शात तोफू घालून दिलं तर त्यातलं तोफू वाटीत तसंच राहायचं. तिची मनगटं बारीक झाली. रित्सू ओकतच राहिला.

मग बाळाला घेऊन ते बसने मोठ्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर इसामू टोपी मांडीवर घेऊन बायकांच्या मधोमध बसला. आत चिहारूने बाळाचे सगळे कपडे काढले, वजनाच्या काट्यावर ठेवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चिहारूच्याच वयाच्या. परतताना बसमध्ये तिने सांगितलं, "वजन वाढतंय म्हणाल्या. पुष्कळ बाळं दूध टाकतात. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, लगेच आडवं करू नका. पिचकारीसारखं लांब उडायला लागलं, हिरवट झालं, किंवा लंगोट कोरडे राहायला लागले, तर मात्र लगेच आणा."

"मग बरंच आहे की," इसामू म्हणाला.

"हं," चिहारू म्हणाली आणि काचेबाहेर बघत राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "वजन वाढतंय ते जे पोटात राहतं त्याने. बाकीचं का राहत नाही, ते कुणी सांगत नाही."

समुद्र दिसायला लागला, आणि दोघंही त्याच्याकडे बघत घरी आली.

त्या घरात इसामूचं म्हणून एक काम होतं. संध्याकाळी, उजेड असतानाच, तो बाळाला अंघोळ घालायचा. त्याचे हात जाडेभरडे होते, पण पाण्यात ते हलके व्हायचे, आणि रित्सूला त्याच्या तळव्यावर डोकं टेकून तरंगायला आवडायचं. अंघोळ झाली की इसामू बाळाच्या पोटाला पट्टा बांधायचा. पोट गार पडू द्यायचं नाही, हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. तापापासून मोडशीपर्यंत सगळं गार पडलेल्या पोटातून येतं असंच सगळे मानत आलेले. चिहारू लहान असताना फुसाए तिला असाच पट्टा बांधायची.

आणि हे कापड तर खास होतं. पाचव्या महिन्यात गरोदर मुलीच्या पोटाला बांधायचं लांब पांढरं सुती कापड माहेराहून जातं. ते न्यायला आई नव्हती, म्हणून पंचांगात सुखरूप बाळंतपणासाठी शुभ मानलेला कुत्र्याचा दिवस बघून इसामू स्वतःच टेकडीवरच्या देवळात गेला होता. पोटुशा मुली आणि त्यांच्या आया, अशा रांगेत तो एकटा म्हातारा पुरुष. खिडकीतल्या मुलीने विचारलं होतं, "कुणासाठी, आजोबा?" त्याने "मुलीसाठी" असं इतक्या हळू सांगितलं की तिने पुन्हा विचारलं. ते कापड त्याने टपालाने ओसाकाला धाडलं. चिहारू येताना ते परत घेऊन आली, आणि रिवाजाप्रमाणे त्यातूनच बाळाचे पट्टे निघाले. इसामूने ते स्वतः कापले, स्वतः शिवले. दोन पट्टे. त्याच्या हातची शिवण बघून चिहारू पहिल्यांदा हसली होती. "बाबा, हे बाळानंतर शंभर वर्षं टिकतील."

पट्टा सैल झाला की वर सरकायचा, म्हणून सकाळीही तो पुन्हा नीट बांधून द्यायचा. "आण इकडे, घट्ट करून देतो." चिहारू निमूट बाळ त्याच्याकडे द्यायची. पट्टा बांधताना तो खोलीच्या आत यायचा. एरवी दाराबाहेरच असायचा.

पुढे सलग पाऊस लागला. धुतलेलं काही वाळेना. एक पट्टा रित्सूने खराब केलेला, दुसरा दांडीवर ओलाच. अख्खा दिवस रित्सू पट्ट्याशिवाय राहिला, वर लोकरी दुपटं गुंडाळून. त्याच दिवशी ओसाकाहून सासूबाईंनी धाडलेला पावडरच्या दुधाचा डबा टपालाने आला. चिहारूने तो काही वेळ नुसता समोर ठेवला. मग पाणी उकळलं, निववलं, बाटली भरली.

रित्सूने बाटली संपवली. ढेकर दिली. ओठाच्या कोपऱ्यातून थेंबभर दूध ओघळलं, तेवढंच. झोपला.

दुपारची बाटलीही पोटात राहिली. संध्याकाळची पण.

चिहारूने सासूबाईंना फोन लावला. इसामू स्वयंपाकघरात मुळा चिरत होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. "हो, आई. नाही टाकलं. तुम्ही म्हणालात तेच खरं. माझंच दूध... हो. हो. रविवारी कोहेईला पाठवा. इथे बाबांनाही त्रासच होतोय."

इसामूचा हात सुरीवर थांबला. बोलणं तर असं झालं होतं की ती नवीन वर्षापर्यंत राहील.

सकाळी पट्टा वाळला होता. चिहारूने बाळ पुढे केलं आणि इसामूने सवयीने कापड गुंडाळलं, टोक ओढलं, कोपर दाबून ताण दिला. तातामीची कड शिवताना कोपराने दोरा असाच आवळतात. आणि मग, तेही सवयीनेच, त्याने कडेखाली अंगठ्याचं नख घालून पाहिलं. कडेखाली नख जाता कामा नये. गेलं तर ती शिवण उसवायची. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं आणि ते त्याने कधी चुकवलं नव्हतं.

नख आत गेलं नाही.

त्याच्या अंगठ्याखाली रित्सूचं पोट वर यायला बघत होतं, पट्ट्याला अडत होतं, परत खाली जात होतं. एवढंसं पोट. त्यात वाटीभर दूध गेलं तर ते कुठे जाईल?

"झालं, बाबा?" चिहारूने विचारलं. ती पाठमोरी बाटली धूत होती.

"झालं," इसामू म्हणाला. त्याने पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला, पण असा की खालून चार बोटं सरळ आत जावीत. सैल गाठीची सवय नव्हती, म्हणून ती धड बसली नाही.

रित्सूने त्या दिवशीही दूध टाकलं नाही. चिहारूला वाटलं, पावडर. इसामूला माहीत होतं काय ते. म्हणजे, माहीत होतं असं त्याला वाटत होतं. पुन्हा घट्ट बांधून बघितलं असतं तर खात्री झाली असती, पण ते त्याच्याने होईना. तो खात्रीवाचूनच गप्प राहिला.

गप्प राहणं त्याला जन्मभर सोपं गेलं होतं. आता मात्र दाराच्या पलीकडून येणारा प्रत्येक आवाज त्याला पोचायला लागला. चिहारू थंड पाण्यात फडकी पिळत होती. दूध दाटून छाती दगडासारखी झाली होती, ती थंड फडकी ठेवून ठेवून ते आटवायला बघत होती. तोमिएकाकूंनी कोबीची पानं आणून दिली होती. "गार पानं लाव, ओढून घेतात ती. रडू नकोस गं. माझ्या थोरल्याला पण बाटलीच होती, आता बघ, बोट चालवतो." आणि बाहेर येऊन इसामूला म्हणाल्या, "पोरगी मनातून खचलीय. तुम्ही चार शब्द बोलत का नाही? का फुसाए सगळे शब्द बरोबर घेऊन गेली?"

इसामूने मान खाली घातली. बोलायला चारच शब्द होते. ते बोलले की चिहारूला कळणार होतं की तिच्या पोराला इतके दिवस कुणी आवळून ठेवलं होतं. मग तिने रविवारचीही वाट कशाला बघावी? आणि नाही बोललो, तर ती रविवारी जाईल, पण बापाबद्दल मनात काही न ठेवता. कोहेई वाकून नमस्कार करेल. उन्हाळ्यात फोटो येतील. न बोलण्यात इसामूचा फायदाच होता.

मग आतून पाणी पिळल्याचा आवाज आला, आणि त्यामागून अगदी बारीक, दाबलेला हुंदका.

इसामू उठला. त्याने दार सरकवलं. न विचारता दार सरकवण्याची ही त्याची पहिलीच वेळ असावी.

चिहारूने झटकन दुपटं छातीशी धरलं. "बाबा!"

तो तिच्याकडे पाठ करून बसला. भिंतीकडे बघत म्हणाला, "दूध चांगलं आहे."

"पावडरचं ना? हो, सोसतंय त्याला."

"तुझं."

मागे फडकं घमेल्यात पडल्याचा आवाज झाला.

"तुझं दूध चांगलं आहे. पट्टा घट्ट होता. मी बांधत होतो तो. पोट आवळलं जात होतं. पाऊस लागला तेव्हा पट्टा वाळला नव्हता ना, त्या दिवशी त्याने टाकलं नाही. पावडर त्याच दिवशी आली. नंतर मी सैल बांधला."

"सैल बांधला," चिहारू हळूच म्हणाली. "कधीपासून?"

"दुसऱ्या सकाळपासून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी इथे फडकी पिळत होते, आणि तुम्ही पलीकडे बसून ऐकत होतात?"

"हो."

"मी पंधरा दिवस पेज खाल्ली, बाबा! आरशात बघवत नाही मला. मला वाटलं, मी त्याला विष पाजतेय." तिचा आवाज चढला, बाळ दचकलं, तिने आवाज खाली आणला. दबलेल्या आवाजात ती जास्तच रागावलेली वाटली. "का नाही बोललात?"

भिंतीवर फुसाएने ठोकलेला खिळा होता, नुसता, त्याला काही टांगलेलं नव्हतं. इसामू त्याच्याकडे बघत राहिला.

"बोललो तर तू जाशील म्हणून."

"मी जाणारच आहे! माझं घर आहे तिकडे."

"हो. तेही आहे."

चिहारूने दचकलेल्या बाळाला जवळ ओढलं. मग ती म्हणाली, "दार लावून घ्या, बाबा. गार वारा येतोय."

तो बाहेर आला. दार लावून घेतलं.

त्यानंतर तिने त्याला बाळ दिलं नाही. अंघोळ तिने स्वतःच घातली, उकिडवी बसून, चुकतमाकत. पट्टा काही बांधला नाही. इसामू पाणी तापवून दाराशी ठेवायचा आणि निघून जायचा. आतून रित्सूचं रडणं यायचं. बाटलीची सवय लागलेलं पोर आता छातीला तोंड लावायला तयार नव्हतं, मान फिरवायचं, किंचाळायचं. चिहारू त्याची समजूत घालायची, कधी विनवायची, कधी ओरडायची, "अरे घे ना, तुझंच आहे!" इसामू बंद पडलेल्या दुकानात जाऊन गवताच्या जुड्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवायचा. जुड्यांना आता गिऱ्हाईक नव्हतं.

तिच्या ताटात मात्र त्याने बांगडा वाढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी बांगड्याचा नुसता काटा आला.

शुक्रवारी दुपारी रडणं थांबलं. एकदम थांबलं, तसा तो धसकला आणि दुकानातून आत आला. दाराशी कान नेला. आत घुटघुट घुटघुट असा आवाज येत होता, मध्येच नाकाने घेतलेला श्वास, पुन्हा घुटघुट. इसामू तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. आत शिरायचं कारण नव्हतं आणि निघून जाववत नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. चिहारूचे केस विस्कटलेले होते, झग्याची बटणं चुकीची लागलेली. तिने बापाला दाराशी बसलेलं पाहिलं आणि नवल वाटल्याचं दाखवलं नाही.

"मला अंघोळ करायचीय," ती म्हणाली. "चार दिवस धड केली नाही. याला धरा."

इसामूने हात पुढे केले, मग मागे घेतले. "मी?"

"इथे दुसरं कोण आहे? उभा धरा. हनुवटी खांद्यावर. मी येईपर्यंत आडवा करायचा नाही. आणि थोपटायचं नाही."

"नाही थोपटत."

"दाबायचं नाही."

"नाही."

तिने बाळ त्याच्या खांद्यावर ठेवलं, त्याचा एक हात उचलून बाळाच्या बुडाखाली बसवला, दुसरा मानेमागे. लहान पोराला शिकवावं तसं. मग न्हाणीघराचं दार लागलं, पाण्याचा आवाज सुरू झाला.

इसामू खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. बसावं की नाही ते तिने सांगितलं नव्हतं. रित्सू जड आणि ऊबदार होता, त्याच्या तोंडातून आईच्या दुधाचा वास येत होता, त्याची बोटं इसामूच्या कॉलरशी काहीतरी चाचपत होती. कोहेईची गाडी रविवारी दुपारची होती. कपड्यांची पिशवी भरून झाली होती, ती दाराशेजारी दिसत होती. इसामूने तिच्याकडे पाठ केली.

रित्सूचं अंग किंचित ताठ झालं. घशात घरघर झाली. इसामूचे हात आपोआप आवळले जाणार होते, ते त्याने आवरले. एक उमासा आला. मग काहीतरी कोमट त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं. रित्सूने उसासा टाकला, डोकं पुन्हा खांद्यावर टेकलं आणि डोळे मिटले.

न्हाणीघरातून चिहारूचा आवाज आला, पाण्यामुळे घुमलेला. "बाबा! टाकलं का?"

इसामूला वाटलं, नाही म्हणावं.

"टाकलं," तो म्हणाला.

पाणी थांबलं. "किती?"

त्याने मान वळवून पाहायचा प्रयत्न केला, पण तेवढी मान वळेना. "चमचाभर असेल. माझ्या मानेवर आहे."

"उडालं का?"

"नाही. नुसतं ओघळलं."

"काय करतोय?"

"झोपला."

मग ती म्हणाली, "तेवढं सगळीच टाकतात. मी अजून थोडा वेळ बसते पाण्यात. चालेल ना?"

"चालेल," इसामू म्हणाला. "बस. हवा तेवढा वेळ बस."

पाणी पुन्हा सुरू झालं. मानेवरचं दूध गार पडत चाललं होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, आणि त्याला तो मोकळा करायचा नव्हता.